छत्रीवाला खेकडा

मंडळी, मुलांसाठी लिहिणाऱ्या एका कवीच्या समग्र गाण्यांचं पुस्तक मी उद्या छापायला देतोय. चाळीसच्या दशकात ते वेल्ह्याकडे मास्तर होते. गाणी, चाली, चित्रं, सगळं स्वतःच करायचे.

आज त्याच भागातल्या मार्गासनी गावात त्यांच्या एक विद्यार्थिनी भेटल्या, नव्वदीच्या आजी. उंदराच्या वरातीच्या गाण्यात त्यांनी एक जादा कडवं म्हटलं. त्यात खेकडा नवरदेवावर छत्री धरतो. छापील गाण्यात ते नाही.

“आजी, हे तुम्हीच तर रचलं नाही ना?”

“म्या रचलं असतं, तर तुमी माझंच पुस्तक काढलं असतं की!”

घरी येऊन मास्तरांच्या जुन्या छापील पुस्तकाची प्रत उघडली. वरातीच्या चित्रात, कोपऱ्यात, छत्रीवाला खेकडा आहे!

पण आजींनी हे चित्र कधी पाहिलं असेल तर? त्यावरूनच कडवं सुचलं असेल तर?

तुम्ही ते छापाल का? आणि कुणाच्या नावावर?