नणंदेच्या रक्तातली रेघ

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी पिंपरीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. काम एकच, सशांच्या रक्तात हिस्टोनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची. पेशीच्या केंद्रकात डीएनए ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो, ते प्रथिन म्हणजे हिस्टोन. कासारवाडीच्या खाटकाकडून कोवळ्या बकऱ्याच्या गळ्याखालची ग्रंथी आणायची, ती वाटून आम्लात हिस्टोन काढायचं आणि सशाला टोचायचं. पण बकऱ्याचं हिस्टोन आणि सशाचं हिस्टोन जवळजवळ सारखंच. सशाच्या शरीराला ते परकं वाटतच नसे. अशी तीन वर्षं गेली. साहेब आता विचारतही नसत, दारातून बघून जात. ते न विचारणंच जास्त थकवायचं.

घरी माझी नणंद होती. मावळातल्या गावाहून क्षयाच्या उपचारासाठी आमच्याकडे आलेली. माझा नवरा भोसरीला लेथवर, त्याची शिफ्ट सारखी बदलायची, म्हणून तिचं सगळं माझ्याकडे. खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, आणि बरं चाललेलं असताना तिची बोटं सुजली. वेणी घालता येईना. बारीक ताप राहू लागला. आजार उलटला, असं शेजारणी कुजबुजल्या.

"वहिनी, मला गावाकडं सोडा," ती म्हणाली. "हितं मरून तुमच्या दारात विटाळ नगं."

"उद्या दवाखान्यात जाऊ, वन्सं." समजूत घालायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरला. "फुफ्फुस स्वच्छ आहे. क्षयाच्या एका गोळीनं क्वचित असं होतं. शरीर स्वतःच्याच पेशींवर उठतं. पण खात्री करायची सोय आमच्याकडे नाही, आणि नुसत्या शंकेवर लागू पडलेलं औषध थांबवायला धीर होत नाही."

"पेशीतल्या कशावर उठतं?"

"हिस्टोन म्हणून एक प्रथिन असतं. तुम्ही ऐकलं नसेल."

मला हसू आलं. डॉक्टरांना ते बहुधा आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त मी कारखान्यात नेलं. काचपट्टीवरच्या जेलमध्ये मधल्या खड्ड्यात हिस्टोन घातलं, एका बाजूला तिचं रक्तद्रव, दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी माझं स्वतःचं. रक्तात प्रतिपिंडं असतील तर ती हिस्टोनला भेटतात तिथं पांढरी रेघ उमटते. हिस्टोन कशालाही चिकटतं, खोट्या रेघा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. सकाळी पाहिलं तर माझ्या बाजूला काही नव्हतं आणि तिच्या बाजूला जाड, पांढरी, स्वच्छ रेघ. सशांनी जे दिलं नाही, ते तिच्या अंगानं न मागता केलं होतं. मी स्टुलावर बसूनच राहिले. आनंद व्हायला हवा होता, पण उठावंसंच वाटेना.

साहेबांनी काचपट्टी उजेडात फिरवून पाहिली. "हे रक्त आणखी मिळेल? ती गोळी अजून महिनाभर चालू राहिली तर आपलं काम होऊन जाईल, बाई."

"साहेब, ती माझी नणंद आहे."

त्यांनी मान खाली घातली. "हो. हो. तोंडातून गेलं." तेही दमलेले होते. सशांचा हिशेब त्यांनाही वर द्यावा लागत होता.

काचपट्टी पाहून डॉक्टरांनी त्याच आठवड्यात गोळी बदलली. ताप आधी गेला, मग हळूहळू सूज.

"वहिनी, मंजी माज्याच अंगानं मला वैरी मानलं व्हय?" एका दुपारी तिनं विचारलं.

"थोडे दिवस ओळखलं नाही त्यानं."

"आन् तुमच्या त्या सशांचं?"

"त्यांचं उलटं. त्यांना परकं कुणी वाटतच नाही."

"मग गुणाचीच हायती की," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.

औषध पुरं करून ती गावी गेली. पुढे तिचं लग्नही झालं. मी वर्षभरानं दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. तिथं बाटल्यांच्या बुचांची तपासणी असायची, आणि संध्याकाळी घरी जाताना डोक्यात काही नसायचं.