नरहर मास्तरांचं कुशीवर पडणारं विमान

आमचे हे, म्हणजे नरहर मास्तर, नाचणगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. लढाईच्या काळात एका कारखान्यात विमानाच्या पंखांना कापड चढवायचं काम केलेलं. तिथूनच हा किडा डोक्यात शिरला. चार वर्षं गावातल्या रूपरावांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनात लाकूड तासून यांनी एका माणसापुरतं विमान बांधलं. गाव हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? चौपन्न सालच्या माघात ते खरंच उडालं आणि माझं हसू पळालं.

विमान हवेत फार हळू झालं की पंख दमतात, भार पेलत नाहीत म्हणे. "पंख बुडाशी आधी दमले तर नाक सरळ खाली जाते, सावरता येते," हे सांगायचे. "टोक आधी दमलं तर कुशीवर पडते. मग देव आठवते." त्यासाठी दोन्ही पंखांच्या पुढच्या काठावर, बुडाशी म्हणजे धडालगत, एक बारीक लाकडी पट्टी चिकटवली होती. एवढीशी पट्टी, पण हवा तिच्यावर फाटते. ती बोटभर इकडे-तिकडे सरकवायची, वर जाऊन वेग कमी करायचा आणि काय होतं ते बघायचं. म्हणजे मुद्दाम पडायचं. शहाण्या माणसाचे धंदे आहेत का हे?

पहिल्या खेपेला विमान डावीकडे कललं. यांनी पट्टी सरकवली. दुसऱ्या खेपेला डावा पंख धाडकन खाली गेला, विमान गरगरलं आणि बाभळीच्या शेंड्यापाशी कसंबसं सावरलं. मी बांधावर बसून यांच्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडले. तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून यांनी शब्द दिला, "आणखी एकदाच. कुशीवर पडलं तर करवतीनं कापून टाकतो." दिलेला शब्द हे मोडत नसत.

मग आठ दिवस दोरी, ओळंबा, फूटपट्टी. दोन्ही पंख अगदी सारखे. रूपराव म्हणाले, "मास्तर, माप बरोबर हाय, तर पडून काऊन राह्यलं?" हे पुन्हा दोरी लावायला जायचे. ताटातलं अन्न तसंच राहायचं.

माझा भरवसा देवावर. दर उड्डाणाआधी मी विमानाची पूजा करायची. उजवा पंख जिनाच्या भिंतीला लागलेला, तिकडे जाता येत नसे. म्हणून दाराकडच्या डाव्या पंखाच्या टोकाला, पुढच्या काठावर हळदकुंकू. पहिल्यांदा निम्मं वाऱ्यानं उडून गेलं, तो अपशकुन मला खुपला. दुसऱ्यांदा कुंकवात डिंक कालवला, वर अक्षता दाबल्या. तिसऱ्यांदा तर हातभर लेप दिला, मूठभर तांदूळ चिकटवले. यांचं सगळं लक्ष इंजिनात. "झालं का तुझं?" एवढंच म्हणाले.

वर गेले. इंजिनाचा आवाज हळू झाला. नाक वर उचललं, क्षणभर थांबलं, आणि डावा पंख तुटल्यासारखा खाली गेला. एक फेरा. दोन फेरे. रूपरावांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. नजर काढली तर हे मरतील असं वाटत होतं. तिसऱ्या फेऱ्यात विमान सावरलं.

हे उतरले तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रूपराव, करवत कुठं आहे?" आणि दोघं जिनात गेले.

मी लोटा घेऊन पंखापाशी गेले. पूजेचं पायदळी येऊ नये म्हणून उतरल्या उतरल्या मी ते धुऊन टाकायची, यांनी माप घ्यायच्या आधीच. या खेपेला लेप दगड झाला होता, नखानं निघेना. बोट तिथंच थांबलं आणि मला यांची पट्टी आठवली. ती होती बुडाशी, दोन्हीकडे. ही माझी हातभर पट्टी टोकाशी होती, एकाच पंखाला.

बोट झटकन मागे घेतलं. यांना मीच पाडत होते. जितकी जास्त भ्याले, तितका लेप जाड दिला.

लगेच दुसरा विचार आला, तोही लपवत नाही. दोन लोटे पाणी ओतलं की कोणाला कधी कळणार नाही. विमान कापलं जाईल. हे रोज दोन पायांवर घरी येतील, म्हातारे होईस्तोवर. देवाकडे मी दुसरं मागत तरी काय होते?

हे करवत घेऊन आले. उजव्या पंखावर हात ठेवला, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि रडायला लागले. सोळा वर्षांच्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. "इकडं या. या काठावरून अंगठा फिरवून पाहा."

यांनी फिरवला. परत फिरवला. मग माझ्या लाल-पिवळ्या बोटांकडे बघितलं.

"माझ्याच हातचं आहे," मी म्हटलं.

यांनी करवत खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "सरू, हे धुतलं तर उद्या मी पुन्हा वर जाईन."

"माहीत आहे मले."

मी लोटा उचलला आणि एकूण एक दाणा स्वतः खरवडून काढला.