रुमालानं उचललेलं प्यादं

त्यानं खिशातून रुमाल काढला, बोटांना गुंडाळला आणि माझं प्यादं उचललं. हॉल हसला.

उमरग्यात सूतगिरणीच्या हॉलात बुद्धिबळाची शेवटची फेरी चालली होती. समोर गिरणीच्या चेअरमनचा मेव्हणा, वकील. मी बौद्धवाड्यातली. चेअरमनच्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत बाई. बाहेर दुष्काळानं माणसं करपलेली. आत बर्फ घातलेलं सरबत.

"फुकट खायची सवय तुमची," वकील म्हणाला. "आज फुकट द्यायला कशी लागलीस?"

त्याला कळलंच न्हाय. उंटापुढचं ते प्यादं मी दुसऱ्या चालीलाच मुद्दाम दिलं होतं. माझा भाऊ औरंगाबादला कॉलेजात शिकायचा, त्यानं शिकवलेला डाव. आधी द्यायचं, मग सरळ राजाच्या नरड्यावर जायचं. पुढं घोडाही मरू दिला. वकिलानं तोही रुमालानंच उचलला. तोवर माझा हत्ती मोकळा झाला होता. वजीर पुढं, हत्ती मागं, उंट तिरका. त्याचा राजा उघड्यावर.

"शह," मी म्हणाले.

राजा पळाला.

"शह."

हसणं थांबलं. वकिलाला घाम फुटला. त्यानं त्याच रुमालानं कपाळ पुसलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

तो उठला. लाकडी पट दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या उजव्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा तडाखा तोंडावर.

"रांडे, लायकी बघून खेळ!"

लुगड्यावर रक्त. पंच म्हणून बसलेले आमचे हेडमास्तर खाली वाकून सोंगट्या गोळा करत होते. माझ्याकडं बघत नव्हते.

डाव्या हातानं मी पट हिसकावला. त्याच्या कानशिलावर घातला. तो खुर्चीसकट पडला. मग त्याची माणसं माझ्यावर पडली.

शुद्धीवर आले ती दवाखान्यात. तिथनं तशीच पोलीस ठाण्यात गेले, फिर्याद दिली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर घरी आले. "बाई, फिर्याद मागं घ्या. माफी मागा. न्हाय तर नोकरी जाईल."

आई माझ्या पाया पडली. "माग लेकी. वाड्यात पाण्याचा टँकर बी चेअरमनच धाडत्यात."

पाया पडणाऱ्या आईला बघून माझ्या डोक्यात जाळ झाला. तिला उठवलं. हेडमास्तरांना म्हणाले, "सर, तुमी डोळ्यांनी बघितलंय. कोर्टात तुमालाच बोलावणार हाय."

ते चहा न पिताच गेले. नोकरी गेली. टँकरही बंद झाला.

फिर्याद मी मागं घेतली न्हाय. घेणारही न्हाय. आणि ह्यापुढं माझ्यावर कुणी हात उचलला, तर आधी त्याचा हात मोडीन. ठाण्यात मग जाईन.