चारनंतरचं पाणी

मैनाबाई गावंडे रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली येई. घाटंजी तालुक्यातल्या ज्या गावांना हे ठाऊक होतं, ती गावं तेवढ्यानंच सरळ होत. चौतीस वर्षं त्यांनी उपकेंद्रात नर्स म्हणून काढली. कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर, हगवणीची साथ आली की त्या उंबऱ्यावर बसून राहायच्या आणि आईनं मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पोराच्या पोटात घातल्याशिवाय उठायच्या नाहीत. कुणाच्याही घरी गेल्या तरी पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी पाजलं का?" लोक हसायचे. लग्नाच्या मांडवातही मैनासिस्टर नवरदेवाला हेच विचारतील, असं म्हणायचे.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी पांढरकवडा रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमाची पाहणी त्यांच्याकडे आली. आश्रमाला मदत देणाऱ्या न्यासानं तिघांची समिती नेमली होती. निवृत्त मुख्याध्यापक बापूजी अध्यक्ष, हार्डवेअरचं दुकान असलेले युनूसभाई दुसरे, आणि आजारपणातलं कळणारी एक बाई हवी म्हणून मैनाबाई तिसऱ्या. अहवालावर 'समाधानकारक' पडलं की पुढची तीन वर्षं तिकडे कुणी फिरकणार नव्हतं.

एप्रिलची अखेर होती. तिघं न्यासाच्या जीपनं दुपारी तीनला पोचले. अधीक्षक शाम फाटकातच उभा होता. फरशी चकचकीत, चादरी पांढऱ्याशुभ्र, ऑफिसात युनूसभाईंनीच दोन वर्षांपूर्वी दिलेल्या कूलरांपैकी एक घरघरत होता. पाहुण्यांना गार पाणी आलं, मागून चहा आला. बापूजींनी चष्मा लावून फॉर्म उघडला आणि सुवाच्य अक्षरात रकाने भरायला घेतले. 'पिण्याच्या पाण्याची सोय आहे काय?' या रकान्याशी आल्यावर ते स्वतः उठून व्हरांड्यात गेले, दोन माठांची झाकणं उचलून पाहिली आणि बरोबरची खूण केली. माठ काठोकाठ भरलेले होते.

मैनाबाईंनीही माठ पाहिले. पण त्यांची नजर खाली गेली. रोज वापरात असलेल्या माठाखाली ओल असते, हिरवट डाग असतो. इथं धूळ होती. त्यांना ते खटकलं. त्या थेट बायकांच्या हॉलमध्ये शिरल्या.

वर पत्रे होते. तिसऱ्या खाटेवर नेर गावाकडची तानाबाई बसली होती, ऐंशीच्या पुढची, पांढऱ्या केसांचा चापून अंबाडा घातलेली. मैनाबाई तिच्या खाटेच्या कडेला टेकल्या.

"कशी आहेस माय?"

तानाबाई गडबडली. आधी दाराकडे पाहिलं, मग उशीखाली हात घातला. खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली काढून तिनं ती वाटीत पालथी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. वाटी दोन्ही हातांनी पुढं केली.

"घे बाई."

मैनाबाईंनी सवयीनं वाटी तोंडाला लावली. रखरखीत उन्हातून आल्या होत्या, ऑफिसातलं पाणी चहाच्या नादात तसंच राहिलं होतं. कोमट पाणी एका घोटात संपलं. मग त्यांनी बाटली पाहिली.

"हे बाटलीत काहून ठेवलं माय? बाहेर माठ आहेत न."

"माठ काय, दाखवाले आहेत. चार वाजले का गिलास उचलते कामावरली नंदाबाई. मंग सकाळीच."

"काहून?"

"रातच्याले पाणी पेलं का गाद्या ओल्या होते म्हणते. धुवाले दोघीच बाया. म्हणून मी दुपारच्या गिलासातलं थोडंसं लपवून ठेवतो."

"अन् ते तू मले पाजलं."

"मंग? पाहुणी तू. माह्या खाटीवर येऊन बसली. तुले बिनापाण्याची उठू देऊ का? लय शिकलेली दिसतेस, पण रीत काही शिकली नाहीस." तानाबाई हसली. ओठांच्या भेगा ताणल्या तशी थांबली. "सांगू नको हो कोणाले. बाटली नेतील माही."

मैनाबाईंच्या हातात रिकामी वाटी होती. साऱ्या तालुक्याला पाणी पाजलं का म्हणून विचारत फिरलेल्या बाईनं एका म्हातारीचं रात्रभराचं पाणी पिऊन टाकलं होतं. त्यांना आधी स्वतःचा संताप आला. मग तो हा नियम करणाऱ्यांवर गेला.

तिथून त्या पुरुषांच्या हॉलमध्ये गेल्या. डोमाजी नावाचा म्हातारा छताकडे पाहून पुटपुटत होता. उशाशी लटकवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं, 'वार्धक्यामुळे भ्रम.' त्यांनी त्याच्या छातीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. जीभ लाकडासारखी कोरडी होती, खाटेशेजारचा गिलासही. अंगातलं पाणी आटलेल्या पोडावरच्या पोरांची अशी कातडी त्यांनी किती वेळा पाहिली होती.

ऑफिसात फॉर्म भरून तयार होता. बापूजींनी पेन पुढं केलं. "मैनाताई, इथं सही."

"चार वाजल्यावर पाणी बंद असते का शाम?"

शामचा चेहरा उतरला. "मॅडम, तुम्ही स्वतः नर्स होत्या. ओल्या गादीनं पाठीले फोड येते, हे तुम्हीच सांगान. सव्वीस जण अन् बाया दोन. मी काय करू? कोणत्या म्हातारीनं सांगितलं तुमाले?"

"डोमाजीच्या छातीनं सांगितलं." आवाज आता अगदी खाली आला होता. "बाया कमी आहेत, तं हे तू न्यासाले लिहिलं का कधी? नाही. म्हाताऱ्याइचं पाणी तोडणं सोपं पडलं तुले. आज तू बस. चार ते सकाळचे सहा, त्या पत्र्याखाली, बिनापाण्याचा. उद्या तुह्या उशाशीही लिहून टाकू, भ्रम म्हणून."

बापूजी मध्ये पडले. "तोंडी समज देऊ त्याला. लिहिलं तर मदत थांबेल. मग हे सव्वीस जण जातील कुठं, सांगा."

"बापूजी, तुम्ही झाकण उचललं. गिलासात पाह्यलं का? कोरडे ठणठणीत आहेत. शाळा तपासाले साहेब याचे तं आदल्या दिवशी भिंती कोण रंगवे? तुमाले तं सारं ठाऊक आहे."

मैनाबाईंनी फॉर्म ओढला, 'समाधानकारक'वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "दुपारी चारनंतर पिण्यास पाणी दिले जात नाही. मदत थांबवू नये. रात्रीसाठी दोन बाया वाढवाव्यात. महिन्याने मी न सांगता परत येईन." खाली सही केली.

युनूसभाईंनी पेन मागून घेतलं. "आण ताई इकडं. माह्या कूलरच्या टाकीत दिवसाले चार बादल्या पाणी जाते. अन् म्हाताऱ्याइले प्यायले नाही, हे मले कोणी सांगितलंच नाही." त्यांनीही सही केली. बापूजींनी फॉर्म बराच वेळ हातात धरला, मग स्वतःची सही न करताच घडी करून खिशात ठेवला.

घड्याळात चार वाजले. नंदाबाई बादली घेऊन बायकांच्या हॉलमध्ये गिलास गोळा करायला निघाली. मैनाबाईंनी दारात तिच्या हातातली बादली काढून खाली ठेवली.

"चादरी ओल्या झाल्या तं सकाळी मी येतो धुवाले. तू नको घाबरू."

नंदाबाईनं एकदा शामकडे पाहिलं आणि आपणच माठाखाली हात घातला. युनूसभाईंनी दुसरी बाजू धरली. एक माठ हॉलमध्ये आला, दुसरा पुरुषांकडे गेला. मैनाबाई डोमाजीच्या उशाशी बसून चमच्या-चमच्यानं पाणी घालू लागल्या. तासाभरानं त्यानं डोळे वळवून विचारलं, "कोण होय?"

जीप हॉर्न देत होती. "जा तुम्ही, मी बसनं येतो," असं त्यांनी कळवलं.

निघण्याआधी त्या तानाबाईकडे गेल्या. माठ तिच्या खाटेपासून चार हातांवर होता. गिलास भरलेला होता. तानाबाईनं तो गटागटा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि उशीखालून औषधाची बाटली काढून पुढं केली.

"एवढी भरून दे बाई."

मैनाबाईंनी माठाकडे बोट दाखवायला हात उचलला आणि खाली घेतला. बाटली गळ्यापर्यंत भरली, बूच घट्ट लावलं आणि स्वतःच्या हातानं उशीखाली सरकवून दिली.