आजचा आशेचा दिवा

मी सकाळी समाजात आशा पसरवायला घेतली आणि दुपारपर्यंत आमचे आबा वारले. (आबा त्या वेळी धानोऱ्याच्या घरी मागच्या अंगणात दाढी करत बसले होते, पण ती बाब फारच किरकोळ ठरली.)

दोष माझ्या एकट्याचा नाही. आमच्या भाऊबंदांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे पहाटे शुभ सकाळचं फूल पडतं आणि चहा होईपर्यंत त्या फुलावरूनच भांडण लागतं. लाइट गेली की संताप, आली की एवढ्या उशिरा का आली म्हणून संताप. मिरचीचा भाव पडला तर व्यापाऱ्यांवर राग, चढला तर काल विकून बसलेल्यांचा साऱ्या जगावर राग. आणि मी पडलो मास्तर! नंदुरबारच्या शाळेत उभी हयात फळ्यावर सुविचार लिहिलेला माणूस. या लोकांना कुणीतरी प्रकाश दाखवायला हवा असं मला वाटलं, आणि त्यासाठी माझ्याखेरीज दुसरं नाव काही डोळ्यांपुढे येईना.

"तुम्हले कोनी सांगेल शे का?" बायकोने विचारलं. मी तिच्याकडे मोठ्या मनाने पाहिलं.

तर 'आजचा आशेचा दिवा' ही माझी मालिका. रोज एका माणसाबद्दल फक्त चांगलं लिहायचं. पहिला मान माझ्या चुलत्यांचा, म्हणजे आबांचा. त्यांचा शाळेतल्या सत्काराचा हार घातलेला फोटो होता. आबा फोटोत हसत नाहीत, फोटो हा आधार कार्डासाठीच काढतात अशी त्यांची समजूत आहे. मी फोटोच्या दोन्ही बाजूंना एकेक समई लावली आणि खाली लिहिलं, आबांसारखी माणसं आता होणे नाही, त्यांनी दाखवलेल्या वाटेने आपण चालू या, प्रत्येकाने एकदा त्यांच्या घरी अवश्य जाऊन यावे. मग फोन बंद केला. (थोर कार्य करणाऱ्याने कौतुक बघत बसू नये.)

आमच्या ग्रुपवर माणसाबद्दल चांगलं फक्त तो गेल्यावर लिहितात, हे तेवढं माझ्या ध्यानात राहिलं नाही. माझ्या मजकुरात तक्रारीचा एक शब्द नव्हता. लोकांनी दुसरं समजायचं तरी काय?

मी निघालो थेट धानोऱ्याला, कारण दुसऱ्या दिवशी आबांच्या नातीचा, कविताचा साखरपुडा होता. कितीतरी स्थळं नाकारून पोरीने पहिल्यांदा होकार दिला होता. मुलगा फौजी, सुट्टी संपत आलेली. त्याचे वडील शकुन-अपशकुनाचे इतके पक्के, की बैठकीत दूध उतू गेलं म्हणून आधीचं एक स्थळ त्यांनी मोडलं होतं. घरात सगळे श्वास रोखून होते.

मांडव घालून झाला तोच शहाद्याची फुई, म्हणजे माझी आत्या, कोपऱ्यापासूनच गळा काढत आली. आमच्याकडे कुणी गेलं की नातेवाईक असेच दारावर येतात. मांडव पाहून तिचा आवाज आणखी चढला. "मांडव पडना अन् मन्हा भाऊ गया वं!"

ते 'गया' मला ऐकूच आलं नाही. मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, आनंदाच्या वेळी असं भरून येतंच. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मग एक पिकअप भरून आली. धडगावहून माझा पुतण्या ऑफिसात रजा टाकून जीपने घाट उतरून आला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी चहा फिरवला आणि सकाळचं लिखाण कसं वाटलं ते हळूच विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शब्द काळजाला भिडले म्हणायचे!

एवढ्यात अर्ध्या गालावर साबण घेऊन आबा बाहेर आले.

"कोन वारनं रे?"

शेवटी फुई म्हणाली, "तू."

"मी मरी गऊ, आनि माले कोनी सांगं बी नही?"

आबा जिवंत आहेत याचा आनंद एकालाही झाला नाही. फुईला रडणं वाया गेल्याचा राग, पुतण्याला रजा वाया गेल्याचा. सगळ्यांनी फोन काढले आणि एकाच मांडवात शेजारी शेजारी बसून मला ग्रुपवर झोडपायला सुरुवात केली. आमच्या भाऊबंदांचं इतकं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या एकमतानेच मला ग्रुपमधून काढण्यात आलं.

आणि तेवढ्यात व्याह्यांची गाडी आली. बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती, नवऱ्या मुलासकट सगळी मंडळी पांढऱ्यात. कविता मेंदीचे हात तसेच धरून दाराआड उभी होती, तिचा चेहरा उतरला. चेष्टा बाजूला, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. मी खुलासा करायला पुढे झालो.

"मास्तर," आबा म्हणाले, "तू आते काहीच बोलू नको."

व्याही आबांच्या अर्ध्या दाढीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हात जोडले. "मरेल मानूस उठी बठना. यान्हापेक्षा मोठा शकुन कोनता?"

साखरपुड्यातच लग्न उरकणं आमच्या खान्देशात नवं नाही. दोन्हीकडचे लोक आलेलेच होते. आबांनी कविताला विचारलं, ती लाजून हो म्हणाली. आबांनी उरलेली अर्धी दाढी केली आणि संध्याकाळी त्या पांढऱ्या गर्दीतच अक्षता पडल्या. रडून रडून फुईचा आवाज बसला होता, तरी मंगलाष्टकं तिनेच म्हटली.

ग्रुप मात्र पेटला. जे दारावर आले नव्हते, त्यांचं लग्न हुकलं. आम्हाला का बोलावलं नाही, असं जो तो विचारतोय आणि जबाबदार म्हणून माझं नाव पुढे करतोय. बायको रोज तिच्या फोनवरून सगळं मोठ्याने वाचून दाखवते.

म्हणजे आशा पसरवायचं माझं काम वाया गेलं असं नाही. आख्ख्या ग्रुपला आता एकच आशा आहे, की मी परत येऊ नये.