प्रज्ञाने मागितलेली दोन मिनिटं

मंडळी, घरी पोचायचाही धीर नाही, रिक्षातूनच लिहितेय.

भांडुपला माझा अभिनयाचा क्लास आहे. तिथली माझी विद्यार्थिनी, चोवीस वर्षांची प्रज्ञा, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम करते. आज अंधेरीत मालिकेतल्या डॉक्टरच्या भूमिकेसाठी तिची ऑडिशन होती. मी सोबत गेले होते.

कास्टिंगवाल्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मोलकरणीचा सीन हातात दिला. "तुला हाच सूट होईल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "सर, हाही करते. पण मी डॉक्टरचा सीन पाठ करून आलेय. आधी तो बघा ना, दोनच मिनिटं."

त्या सीनमध्ये पेशंट गेल्याचं त्याच्या बायकोला सांगायचं होतं. आधीच्या सगळ्या मुलींनी ते उभ्याने सांगितलं होतं. प्रज्ञाने खुर्ची ओढली, समोर बसली आणि मगच बोलली. बायकोचे संवाद वाचणारी मुलगी कागद खाली ठेवून थेट तिच्याशीच बोलू लागली.

"हे कुणी शिकवलं?" कास्टिंगवाल्याने विचारलं.

"आईने. ती हॉस्पिटलात आया आहे. चांगले डॉक्टर आधी बसतात म्हणते."

डॉक्टरची भूमिका तिथल्या तिथे प्रज्ञाला मिळाली. मी न शिकवलेल्या गोष्टीचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

तुमचा चेहरा बघून कुणी तुमचं काम ठरवलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?