कोरी जागा न खपणारे सर

"पेटी पेटयेत भरान बसाक व्हयी!" म्हणजे चौकटीत चौकट गच्च भरून बसली पाहिजे, असं म्हणून सर माझ्या संगणकाच्या पडद्यावर बोट आपटायचे. बोटाला दुपारच्या जेवणाचं तेल असायचं. तो डाग पुसण्यात माझी सात वर्षं गेली.

कुडाळच्या एमआयडीसीतलं आमचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि तीन टेबलं. कारखान्यांचे आराखडे, कामाच्या टप्प्यांच्या आकृत्या, असलं काहीही आम्ही संगणकावर काढून द्यायचो. या गृहस्थांना तोंडावर आम्ही 'सर' म्हणायचो. पाठीमागे काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्याही ऑफिसात असा एक दीडशहाणा असेलच, तेव्हा समजून घ्या.

आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या चौकटीच्या पोटात लहान चौकटी ठेवता येतात. त्यात एक सोय आहे. तिच्यावर टिक केली की आतल्या चौकटी फुगून बाहेरची चौकट कडेपर्यंत भरून टाकतात. बाहेरची ओढून मोठी केली की आतल्याही वाढतात, आणि कुठे मोकळं राहिलं असेल तर शेजारच्या दोघी ते वाटून घेतात. सोय चांगली आहे. कुठे वापरायची नाही एवढं कळलं म्हणजे झालं, आणि सरांना नेमकं तेवढंच कळत नव्हतं.

ही टिक त्यांना एकदा चुकून सापडली. त्या दिवसापासून जणू त्यांनीच ती शोधून काढली होती. गिऱ्हाईक आलं की त्याला बसवून ते शुद्ध मराठीत प्रवचन द्यायचे, "पाहा, आता आतली चौकट स्वतःहून वाढेल." चौकट वाढायची. सर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राहायचे, टाळ्यांची वाट बघितल्यासारखे. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं.

एकदा काजूच्या कारखान्याचा आराखडा होता. मी भाजायची खोली, सोलायला बसणाऱ्या बायकांचा हॉल, गोदाम आणि संडास नीट मापात काढले होते. मी जेवायला गेले तेवढ्यात सरांनी टिक केली. चारही खोल्या एका मापाच्या झाल्या. कारखानदार चारच्या सुमारास आला, आराखड्यातल्या संडासावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, चाळीस बायलो एकदम जातल्यो काय हो थंय?" मी तोंड दाबून हसले. सरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "पण दिसता कसो भरलेलो, ता बघ," म्हणाले.

त्यांचा डबाही तसाच असायचा. भात कोपऱ्याकोपऱ्यात दाबून बसवलेला. झाकण उघडलं की त्याला झाकणाचा ठसा दिसायचा. या माणसाला रिकामं काही बघवतच नाही, आणि डोकं सोडून सगळं त्याने भरून ठेवलंय, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचे.

मग ते जत्रेचं काम आलं. कुणकेश्वराएवढी मोठी नव्हे, आमच्याच गावाकडची जत्रा, पण दुकानांची रांग बरीच लांब. कमिटीने नावांची यादी दिली होती आणि आमच्या कागदावरून जमिनीवर दुकानांच्या चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या. रांगेच्या मध्यावर पिंपळाखाली आमच्या वाडीतली एक म्हातारी दर वर्षी खाजं, म्हणजे जत्रेतली गुळाची मिठाई, विकायला बसायची. अर्जबिर्ज तिला ठाऊक नव्हता. यायची आणि बसायची. तिच्या वर्षाचा आधार त्या दोन दिवसांवर होता. यादीत नाव नाही म्हणून तिची चौकट घालता येईना, तेव्हा मी तेवढी जागा कोरी सोडली.

सरांचं बोट बरोबर तिथेच पडलं. "ही फट कित्याक रवली गो?"

"खाजंवाल्या आजीची जागा ती, सर. राहू द्या."

"यादीत आसा ती?"

"नाही."

"मगे?"

आणि टिक केली. बांगडीवाला इकडून आणि खेळणीवाला तिकडून फुगला. पिंपळाखाली दोघांची रेघ एक झाली. मी पुन्हा सांगू शकले असते. पण माझी शेवटची एसटी पाचला होती. मी पर्स उचलली आणि निघाले.

जत्रेत ती मला मोटारसायकली लावतात तिथे दिसली. दोन टोपल्या, वर फडकं, फडक्यावर धूळ. "माजी जागा खंय गेली गो चेडवा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आमच्या सरांना विचार." दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सरांवर ओरडले. त्यांनी चष्मा लावला, कागद उलगडला आणि खरोखर शोधून बघितलं. "हंयसर फट खंय आसा?" म्हणाले. त्या क्षणी त्या माणसाची मला किळस आली.

पुढच्या वर्षी आजी आलीच नाही. वैभववाडीला लेकीकडे गेली म्हणे.

मग सरांचे डोळे गेले. चौकटीची कड दिसेना, तेव्हा मालकांनी त्यांना घरी आराम करायला सांगितलं. आम्ही त्यांचं टेबल बाहेर काढलं, माझं खिडकीपर्यंत सरकवलं, दुसरं दारापर्यंत, आणि मधे प्रिंटर बसवला. शनिवारी दुपारी लागलो ते चहापर्यंत आटोपलं. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू.

महिन्याभराने ते विसरलेली छत्री न्यायला आले. चहाची वेळ होती, त्यांनाही कप दिला. कप हातात घेऊन ते सवयीने आपल्या कोपऱ्याकडे वळले आणि प्रिंटरला अडले. मग हाताने चाचपत माझ्या टेबलाची कड शोधली, तिच्यावरून खिडकीपर्यंत बोट फिरवलं.

"फट खंयच ठेवलीत नाय," ते म्हणाले. "बरा केलात."

यात टोमणा नव्हता. टोमणा मारण्याएवढी अक्कल त्यांना कधीच नव्हती. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

माझी खुर्ची त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. चहा त्यांनी उभ्यानेच संपवला. मी उठले नाही.